कुणाकडून आलं? सहावी-सातवीच्या वर्गाच्या प्रकल्प नोंदी

शाळा कुडाळ तालुक्यातली, जिल्हा परिषदेची. सहावी आणि सातवी मिळून वीसेक मुलं. या वर्षीचा प्रकल्प गाणं, चित्र आणि भाषा यांच्या इतिहासाचा. एरवी या तिन्ही गोष्टी राजे, लढाया आणि कारभार शिकवून झाल्यावर शेवटच्या परिच्छेदात येतात आणि घाईत उरकल्या जातात. मला त्या आधी घ्यायच्या आहेत, आणि कालखंडांच्या याद्या पाठ करून घ्यायच्या नाहीत. म्हणून प्रश्न एकच ठेवला आहे: हे तुला कुणाकडून आलं, आणि येताना वाटेत त्यात काय बदललं?

७ जुलै २०२५

काल आषाढी झाली. आज परिपाठात मुलांनी आपणहून टाळ घेऊन अभंग म्हटला. मी विचारलं, हा कुणाकडून शिकलात? काहींनी आजोबांचं नाव सांगितलं, एकीने वाडीतल्या भजनी मंडळाचं, बाकीच्यांनी मोबाइलचं. 'आणि आजोबांना कुणी शिकवला?' इथे वर्ग थांबला. सातवीतला एक जण म्हणाला, 'बाई, इचारून येतंय.'

प्रत्येकाने एक वही करायची असं ठरलं. घरात म्हटलं जाणारं एक गाणं, घरात काढलं जाणारं एक चित्र (रांगोळी, तुळशीवृंदावनावरची नक्षी, काहीही) आणि घरातच ऐकू येणारा एक शब्द. प्रत्येकापुढे साखळी लिहायची: कुणाकडून, कुठल्या गावातून.

२१ जुलै

वह्या आल्या. बहुतेक साखळ्या तीन पिढ्यांवर तुटतात. आजीच्या आईपर्यंत नाव आठवतं, त्यामागे नुसतं 'जुनं हा'.

पण गावांची नावं पाहिली आणि मला जे दिसलं ते मी वर्गात लगेच फळ्यावर काढलं. बायकांची गाणी माहेराहून सासरी आली आहेत. एका मुलीच्या फुगडीच्या गाण्याची वाट तिच्या आजीबरोबर वेंगुर्ल्याकडून येते आणि पणजीबरोबर त्याही मागे, गोव्यात पेडण्याला जाते. पुरुषांची भजनं मात्र बुवांकडून आली आहेत. डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला, बुवा जिथे जिथे गेले तिथे चाली गेल्या. बायकांचं गाणं लग्नाच्या वाटेने आणि पुरुषांचं मंडळाच्या वाटेने, हे मुलांना नकाशावर दोन रंगांच्या रेघांनी दाखवता आलं. हिरव्या रेघा आडव्यातिडव्या गावोगाव गेल्या, निळ्या रेघा दोन-तीन बुवांच्या गावांपाशी गोळा झाल्या. हा नकाशा भिंतीवर राहील.

२ ऑगस्ट

आज सुतळी. एक मीटर म्हणजे शंभर वर्षं. एक टोक फळ्याला बांधलं, ते आजचं. प्रत्येक गोष्टीचं कार्ड मोजून लटकवायचं.

आजीचा जन्म मीटरभरही लांब नाही, हे पाहून सगळ्यांना नवल वाटलं. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ चं, म्हणजे दोन मीटरच्या जरा अलीकडे. जांभेकर पोंभुर्ल्याचे, आपल्याच जिल्ह्यातले, म्हणून ते कार्ड मुलांनी मोठ्या अक्षरात केलं. ज्ञानेश्वरी शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. ती सव्वासात मीटरच्या पुढे, मागच्या भिंतीला टेकली. अजिंठ्याची उत्तरकाळातली चित्रं पाचव्या शतकातली, त्यासाठी सुतळी दारातून पडवीत न्यावी लागली. कोकणातल्या कातळशिल्पांचं वय सहसा दहा हजार वर्षांच्या मागेपुढे सांगितलं जातं. तारीख पक्की झालेली नाही. तरी मुलांनी शंभर मीटर चालत मोजलं. मैदान संपलं, फाटक ओलांडलं, रस्त्यापलीकडच्या काजूच्या झाडाशी पोचलो. झाडाला खडूने खूण केली.

गणिताच्या तासाला याचा दशांश अपूर्णांकांसाठी उपयोग झाला, तो वेगळा फायदा.

२३ ऑगस्ट

चतुर्थी चार दिवसांवर. वर्गातल्या एका मुलीची आजी शाळेत आली. तिला जात्यावरच्या ओव्या येतात असं वहीत होतं. खुर्ची दिली, पाणी दिलं, पण तिला पहिल्या दोन ओळींपुढे आठवेना. ती म्हणाली, 'जाता हाडा, मगे गावतला.' (जातं आणा, मग सापडेल.) शेजारच्या घरातून जातं आणलं, सोबत मूठभर तांदूळ. खुंटा हातात आला, जातं फिरू लागलं आणि ओवीमागून ओवी येत गेली. हात थांबला की ओवी थांबे. दळणाचा फेरा आणि ओळीची लांबी यांचं नातं मुलांना सांगावं लागलं नाही, ती दोघा-दोघांनी खुंटा धरून म्हणू लागली आणि त्यांना ते कळलं.

मग मी त्यांना कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर सांगितला. त्याच्या मानसोल्लासात, ११३० च्या सुमाराच्या संस्कृत ग्रंथात, लिहिलं आहे की महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात. एका ओळीची नोंद आहे. पण त्या ओळीमुळे आमच्या आजीचं गाणं सुतळीवर एकदम नऊ मीटर मागे गेलं. आजीलाच ते कार्ड लावायला दिलं. तिने विचारलं, राजाला काय पडलं होतं बायकांच्या कांडणाचं? माझ्या मते हा सबंध प्रकल्पातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे. राजाच्या दरबारात बसलेल्या माणसाच्या कानावर वायनाशी (उखळाशी) बसलेल्या बाईचा आवाज पडला होता आणि त्याला तो गाण्याच्या यादीत धरावासा वाटला. ती बाई कोण, ते ग्रंथात नाही. मुलांनी कार्डावर राजाच्या नावाखाली 'कांडणारी बाय' असं लिहिलं.

सगळं मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवलं. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या लाखाच्या वर आहे, आणि 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ऑनलाइन संग्रहात त्यातल्या पुष्कळ आज ऐकता येतात, हेही सांगितलं. आजीला त्यातल्या दोन ऐकवल्या. मुळशीकडची चाल तिला परकी वाटली, शब्द ओळखीचे.

८ सप्टेंबर

गणपती झाले. फुगड्यांची गाणी भरपूर आली आहेत. एकच गाणं दोन वाड्यांत निराळ्या शब्दांनी. कुठलं बरोबर, यावर भांडण. दोन्ही लिहायची, शेजारी शेजारी, वाडीच्या नावासह.

१२ सप्टेंबर

कागदावर काय टिकतं आणि काय गळतं, ते आज करून पाहिलं.

आजीच्या ओव्यांपैकी एक निवडली. सहावीने तिचे शब्द शुद्ध अक्षरात कागदावर लिहिले आणि कागद पाचवीच्या वर्गात पाठवला, ध्वनिमुद्रण न ऐकवता. पाचवीच्या मुलांनी म्हणून दाखवली ती प्रार्थनेच्या चालीवर. शब्द एकही चुकला नव्हता, आणि गाणं मात्र वेगळंच होतं.

इथून भातखंडे आणि पलुस्करांकडे जाणं सोपं झालं. विष्णु नारायण भातखंडे, जन्म १८६०, वाळकेश्वर. वकिली शिकलेला माणूस देशभर फिरतो, गवयांकडून चिजा ऐकतो आणि स्वर कागदावर मांडायची रीत बसवतो. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, तार सप्तकातल्या स्वराच्या डोक्यावर टिंब, मंद्राच्या खाली. विष्णु दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे, जन्म १८७२. त्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, फी भरून कुणालाही गाणं शिकता येईल असं. त्यांची लिपी निराळी. दोघांच्याही आधी गाणं गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यात जात होतं, आणि गुरूने दिलं तरच. पलुस्करांचे गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरची गायकी घेऊन महाराष्ट्रात आले, त्यासाठी त्यांनी तरुणपणी केवढी पायपीट केली, हे मी जरा रंगवून सांगितलं. मुलांना ते आवडतं आणि ते खरंही आहे.

मग ओवीचे स्वर लावायला बसलो. पेटीवर शोधत शोधत पहिली ओळ लिहिली: चार स्वरांतच फिरते. तरी आजीचा एक हेल कुठल्याच पट्टीवर सापडेना, तो दोन पट्ट्यांच्या मधे आहे. तिथे मुलांनी कागदावर एक वाकडी रेघ ओढून ठेवली. ती खूण त्यांचीच, तीच चालवायची.

१९ सप्टेंबर

पिंगुळी. गुढीपूरला ठाकर आदिवासी कला आंगणात गेलो. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्याचं संग्रहालय केलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा वर्गातली मुलं दुसरी-तिसरीत होती, तरी काहींना ती बातमी आठवत होती. जवळच्या जवळ राहून यातल्या बऱ्याच मुलांनी चित्रकथी पाहिलेली नव्हती.

पोथी म्हणजे सुट्या चित्रांचा गठ्ठा. एका कथेची एक पोथी. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, म्हणजे एक दाखवून झालं की कागद उलटायचा. कथा रामायण-महाभारतातल्या, काही पोथ्यांत इथल्या भागातल्या सांगीवांगीच्या. सांगणारा मांडी घालून बसतो, चित्र पुढे उभं धरतो आणि गातो. सोबत वीणा, हुडुक, टाळ. सावंतवाडी संस्थानाचा या कलेला आश्रय होता. जुन्या चित्रांतले चेहरे एका बाजूने, डोळे मोठे, रथाची चाकं आणि बाण यांनी सगळी जागा भरलेली.

सातवीतल्या एकीने विचारलं, 'ह्येचे शब्द खंय लिवलेले आसत?' कुठेच नाहीत. चित्र पाहिलं की शब्द येतात. मग तिने वहीत लिहिलं की इथे चित्र हीच लिपी आहे. मी तिला काही सुचवलं नव्हतं. कुठल्या चित्रापाशी कुठली चाल, कुठे थांबायचं, कुठे संवाद म्हणायचा, हे सगळं त्या गठ्ठ्याच्या क्रमात आहे. पोथीचं एक पान हरवलं तर कथेचा तेवढा तुकडा कुणाच्या तरी आठवणीवरच उरतो. गाणं, चित्र आणि भाषा यांना आपण शाळेच्या वेळापत्रकात तीन तास देतो. इथे एकच माणूस एका बैठकीत तिन्ही करत होता, आणि मुलांना ते वेगळं करून दाखवण्याची गरजच पडली नाही.

कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्याही पाहिल्या. लहान मुलांचं लक्ष अर्थात तिथेच. चामड्याची बाहुली पडद्यामागे दिव्याशी नेली की सावली मोठी होते, हे प्रत्येकाला स्वतः करून पाहायचं होतं आणि तिथल्या कलाकारांनी ते करू दिलं. त्यांचे उपकार.

परतल्यावर गृहपाठ: आपल्या वाडीत घडलेली एखादी गोष्ट पाच चित्रांत. शब्द लिहायचे नाहीत, म्हणून दाखवायचे.

३ ऑक्टोबर

गेल्या वर्षी आजच्याच दिवशी केंद्राने मराठीला अभिजात दर्जा जाहीर केला. शाळेत भाषणं झाली. मला मुलांना त्या दर्जामागचा पुरावा हातात द्यायचा होता. नाणेघाट आधी घेतला: जुन्नरजवळच्या घाटातल्या लेण्यात सातवाहनांचा लेख, ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा, नागणिका राणीचं नाव, यज्ञात दिलेल्या दानांचे आकडे. राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या, आता पायांच्या खुणा आणि वर कोरलेली नावं आहेत. मुलांना ब्राह्मीत स्वतःचं नाव लिहायला दिलं. 'क' म्हणजे अधिक चिन्ह, 'ग' म्हणजे उलटा व्ही, हे कळल्यावर वर्ग तासभर त्यातच होता.

मुख्य काम मात्र ओवीचं होतं. फळ्यावर दोन ओव्या लिहिल्या. पहिली ज्ञानेश्वरीतली:

माझा मराठाचि बोलु कौतुकें । परि अमृतातेंही पैजासीं जिंके । ऐसीं अक्षरें रसिकें । मेळवीन ॥

दुसरी क्रिस्तपुराणातली:

जैसी हरळांमाजी रत्नकिळा । कीं रत्नांमाजी हिरा निळा । तैसी भासांमाजी चोखळा । भासा मराठी ॥

कवीची नावं झाकून ठेवली. मुलांनी आधी यमकं शोधली: कौतुकें, जिंके, रसिकें, किळा, निळा, चोखळा. तीन चरण जुळणारे, चौथा आखूड आणि मोकळा. दोन्हीत तीच घडण, आणि दोन्हीत मराठीचंच कौतुक. मग नावं उघडली. पहिली ओवी नेवाशात ज्ञानेश्वरांनी सांगितली, १२९०. दुसरी फादर थॉमस स्टीफन्सची. इंग्लंडात जन्मलेला जेझुइट, १५७९ साली गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि अकरा हजारांच्या आसपास ओव्यांत ख्रिस्तकथा सांगितली. १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूरच्या छापखान्यात ती छापली गेली, रोमन अक्षरांत. दोघांमध्ये सव्वातीन मीटर सुतळी आहे.

रोमन अक्षरांत मराठी म्हटल्यावर मुलं हसली, कारण मोबाइलवर ती रोज तेच करतात. मी त्यांना थांबवलं नाही, उलट ते कार्ड लिहायला लावलं.

एका मुलाने हळूच विचारलं, आमची मालवणी अशुद्ध म्हणतात ती का. याला उत्तर नीट द्यायला हवं होतं, म्हणून पुढचा तासही घेतला. आज पुस्तकात छापली जाते ती प्रमाण मराठी पुण्याकडच्या बोलीच्या आधाराने, एकोणिसाव्या शतकात शाळा, पाठ्यपुस्तकं, कोश आणि छापखाने यांतून घडली. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा. त्यात कोकणातले शब्दही घेतले आहेत. एक बोली छापखान्याजवळ होती, दुसरी नव्हती. शुद्ध-अशुद्धाचा त्याच्याशी संबंध नाही. मालवणीची साखळी कुठे तुटलेली नाही आणि कुणाकडून उसनी आणलेली नाही. हे मी फळ्यावर लिहिलं आणि दिवसभर पुसलं नाही.

८ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपली. जत्रांचे दिवस सुरू झाले, म्हणजे दशावतार. मुलं रात्रभर जागून येतात आणि वर्गात पेंगतात. या महिन्यात सकाळचा पहिला तास प्रकल्पाचाच ठेवला आहे, म्हणजे बोलता बोलता झोप उडते.

आज संकासुराबद्दल. आड दशावतारात, म्हणजे मुख्य नाटकाआधीच्या पूर्वरंगात, देव प्रमाण मराठीत आणि संस्कृत वळणाने बोलतात, संकासूर मालवणीत. प्रेक्षक कुणाच्या बाजूने हसतात? संकासुराच्या. ३ ऑक्टोबरला ज्याने प्रश्न विचारला होता त्यानेच हे दाखवून दिलं. आणि संवाद लिहिलेले नसतात. नट तिथल्या तिथे बोलतात, कथा मात्र ठरलेली. पिंगुळीच्या पोथीशी याची तुलना मुलांनी स्वतः केली.

मग पेटी. मुलांची खात्री होती की पेटी आपलीच, देवळातली. हार्मोनियम पॅरिसमध्ये १८४० च्या दशकात आली, पायपेटी म्हणून. कलकत्त्याला द्वारकानाथ घोष यांनी तिला जमिनीवर बसून हाताने भाता मारता येईल असं रूप दिलं. आपण खुर्चीवर बसत नव्हतो, म्हणून वाद्य खाली बसलं. पुढे आकाशवाणीने १९४० पासून तीसेक वर्षं तिला बंदी घातली होती. कारण पट्ट्यांच्या मधला स्वर तिला काढता येत नाही, मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही. 'आजयेचो हेल!' अशी मागून आरोळी आली. सप्टेंबरातली ती वाकडी रेघ त्यांना आठवत होती.

२९ नोव्हेंबर

अजिंठ्याला जाणं आम्हाला परवडणार नाही, इथून फार लांब. पण तिथली भिंत करता येते.

माती, भाताचं तूस, झाडाचे तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात खललेले रंग. अजिंठ्याचं काम साधारण असं आहे, ओल्या चुन्यावर रंगवण्याची युरोपातली रीत ती नव्हे. मुलांनी जुन्या फळ्यांच्या तुकड्यांवर दोन थर केले: एक नुसत्या मातीचा, एक तूस घातलेला. दोन दिवसांत नुसत्या मातीला भेगा पडल्या. तुसाने माती धरून ठेवली. आपल्या घराच्या भिंती सारवताना तूस का घालत, हे घरी विचारून येणारे बरेच निघाले.

रंग शोधताना मजा आली. लाल आणि नारिंगी जांभ्यातूनच मिळाला; जांभ्याचा तुकडा पाट्यावर घासून गाळला की गेरूसारखा रंग उतरतो, लोह असतं त्यात. पांढरा शिंपल्यांच्या चुन्याचा. काळा काजळीचा. पिवळा दोन प्रकारचा केला, हळदीचा आणि पिवळ्या मातीचा. हळदीचा उन्हात आठवड्यात फिका पडला, मातीचा तसाच आहे. दगड-मातीचे रंग पंधराशे वर्षं का टिकले, याचं उत्तर तिथे खिडकीत वाळत पडलं आहे.

निळा मिळेना. तेव्हा सांगितलं की अजिंठ्यातला निळा लाजवर्द या निळ्या दगडाचा आहे, आणि लाजवर्द अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या डोंगरांतून येई. चित्रकार सह्याद्रीच्या लेण्यात बसलेला आणि त्याच्या कुंचल्यातला निळा बदख्शानचा. जगाच्या नकाशावर ती वाट मुलांनी निळ्याच खडूने काढली.

१३ डिसेंबर

कुडोपी, मालवण तालुका. सडा (जांभ्याचं उघडं पठार) वाळला आहे, चालायला बरं.

कातळावर साठाहून अधिक आकृत्या. माणसांसारख्या काही, एक मोठी जिला मातृदेवता म्हणतात, काही नुसत्या रेघा आणि वळणं. रत्नागिरीकडच्या सड्यांवर हत्ती आहेत, आणि आज कोकणात नसलेला गेंडाही. राजापूर तालुक्यात कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आहे. कोकणातल्या नऊ ठिकाणांची नावं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यात कुडोपी आहे आणि गोव्यातलं पणसायमळही.

इथे आमचा प्रश्न अडला. कुणाकडून? गावोगाव लोक सांगतात की पांडवांनी एका रात्रीत काढली. म्हणजे साखळी इतकी मागे तुटली की लोकांनी जागा भरायला पांडव बोलावले. मुलं मला वाटलं होतं त्यापेक्षा शांतपणे हे मान्य करतात की कळत नाही. एक जण म्हणाला, नाव नाही पण हात तर दिसतो. त्याने खोबणीच्या कडेवरून बोट फिरवलं, मग बाकीच्यांनी.

आपली शाळा चिऱ्यांची आहे, निम्म्या मुलांची घरं चिऱ्यांची. तोच जांभा. जिथे चिरेखाण निघते तिथे सडा जातो आणि सड्याबरोबर त्यावरचं जे असेल ते. हे मी लपवलं नाही. वर्गातल्या काही मुलांचे पालक खाणीवर काम करतात. त्यांतल्या एका मुलाने घरी जाऊन सांगितलं की कातळावर रेघ दिसली तर थांबा, ग्रामपंचायतीत सांगा. वडिलांनी 'बरां' म्हटलं, एवढं त्याने मला येऊन कळवलं.

१८ डिसेंबर

मैदानात खडूने पूर्ण मापाचा बैल काढला. जवळ उभं राहून काढताना आकार कळत नाही, पाय लांब होतात, मान हरवते. शेवटी एक मुलगी पडवीच्या कठड्यावर उभी राहून वरून सांगत होती, बाकीचे वाकून काढत होते. मग कशेळीचा हत्ती किती माणसांचा असेल, त्यांना वरून कुणी सांगितलं असेल का, सड्यावर उंच जागा कुठली, यावर घरी जाईपर्यंत बोलणं चालू होतं.

९ जानेवारी २०२६

एका घरातून मोडी कागदाचं छायाचित्र आलं. मूळ कागद आजोबा देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. गावात मोडी वाचणारे एक ऐंशी ओलांडलेले गृहस्थ आहेत, वडिलांकडून शिकलेले. ते शाळेत आले.

मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरं, बोरू फारसा न उचलता. शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घ नाही. त्यामुळे हात वेगाने चालतो आणि वाचणाऱ्याला संदर्भ ठाऊक असावा लागतो. शेकडो वर्षं कारभार या लिपीत चालला आणि स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत ती शाळेतून गेली. ब्राह्मी वाचता येत नाही याचं मुलांना काही वाटत नाही, पण पणजोबांची सही वाचता येत नाही याचं वाटलं. कागदात शेताच्या सीमा होत्या. एका व्हाळाचं (ओढ्याचं) नाव निघालं, ते आजही तेच आहे.

त्या गृहस्थांनी प्रत्येकाला नाव मोडीत लिहून दिलं. दोघांनी चिकाटी धरली आहे, त्यांना ते रविवारी शिकवणार आहेत. पुराभिलेख विभागाचे मोडी वर्गही असतात, मोठी झाल्यावर जाता येईल.

३१ जानेवारी

सावंतवाडी, राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते. दशावतारी संचात दहा रंग, रंगाची बारा पानं: राजा, वजीर आणि एक ते दहा, एकूण १२०. गोल पानं, लाखेची चमक. खेळ मोगलांबरोबर आला, बाबराच्या आठवणींत १५२७ च्या नोंदीत गंजिफाचा उल्लेख आहे. मोगली संचात आठ रंग आणि ९६ पानं. इथे येऊन त्यात मत्स्य-कूर्म-वराह बसले. बाहेरून आलेली वस्तू आपली कशी होते याचं पेटीनंतरचं हे दुसरं उदाहरण, आणि मुलांनी ते माझ्याआधी सांगितलं. वेळ कमी पडला, लाकडी खेळण्यांच्या चितार आळीत जाता आलं नाही.

२७ फेब्रुवारी

मराठी भाषा गौरव दिन. पालक आले होते. भाषण ठेवलं नाही. सुतळी पुन्हा बांधली, यावेळी पूर्ण, काजूच्या झाडापर्यंत, आणि प्रत्येक मूल आपल्या कार्डापाशी उभं. लोक चालत जातील तसं तिथल्या मुलाने आपली गोष्ट सांगायची, म्हणायची किंवा काढून दाखवायची. नऊ मीटरवर आजी जातं घेऊन बसली होती. वाडीच्या गोष्टींची पाच-पाच चित्रं मुलांनी मांडीवर धरून म्हटली. त्यातली दोन मालवणीत होती, आणि सगळ्यात जास्त माणसं तिथेच थांबली.

पालकांनी चौकशा केल्या त्या बहुतेक ध्वनिमुद्रणाच्या: आमच्या आईचं आहे का, प्रत मिळेल का. सगळ्या ओव्या आणि फुगड्या गावाचं, गाणाऱ्या बाईचं आणि तिने कुणाकडून घेतलं त्या माणसाचं नाव लावून, त्यांची परवानगी घेऊन दोन ठिकाणी साठवल्या आहेत. ज्या घरातून आल्या त्या घराला प्रत आधी.

जूनसाठी लिहून ठेवते: मोडीची दोन मुलं सातवीतून जातील, त्यांच्याकडून सहावीने आताच अक्षरं घ्यावीत. चितार आळी आधीच ठरवून. डबलबारीच्या बुवांना पेटीच्या दिवशी बोलवायचं. आणि निळ्या रेघांच्या नकाशावर अजून तीन वाड्या रिकाम्या आहेत.